सहा फूट कमी

धक्क्यावर उतरलं की डाव्या हाताला बर्फाचा जुना कारखाना लागतो, त्याच्यापुढे चहाची टपरी, आणि टपरीच्या पाठीमागे पत्र्याची शेड. शेडच्या दारावर हाताने रंगवलेली पाटी आहे : 'खाडीतील मासेमारी. फक्त जाणकारांसाठी.' पाटी वाचून निम्मी माणसं तिथूनच परत फिरतात. टपरीवाली मावशी म्हणते, "गिऱ्हाईक बोलवायची पाटी आहे की हाकलायची?" शेडचा मालक यावर काही बोलत नाही. तो तसा कशावरच फारसं बोलत नाही. एकसष्ट वर्षांचा, उन्हाने भाजून काळपट लाल झालेला, खांदे अजून तरुण आणि गुडघे मात्र म्हातारे. सगळा धक्का त्याला वाटाड्या म्हणतो.

जाणकार म्हणजे ज्याला काही शिकवावं लागत नाही तो. नवीन माणूस आला की वाटाड्या त्याच्यापुढे चहा ठेवतो आणि म्हणतो, "गळ बांधून घ्या तोवर." मग दुसरीकडे बघितल्यासारखं करून त्याच्या बोटांकडे बघतो. गाठ धड नसेल तर म्हणतो, "आज वारा बरा नाही हो," आणि त्याला दुसऱ्या बोटवाल्याकडे धाडून देतो. गाठ चांगली असेल तर न बोलता बोट सोडायला लागतो.

त्याची बोट सपाट बुडाची, अठरा फुटी. मासे यायची जागा जवळ आली की मोटर बंद करायची आणि मागच्या फळीवर उभं राहून लांब बांबूने बोट ढकलत न्यायची, आवाज न करता. गिऱ्हाईक पुढे, तोंडाशी उभं. बोटीचं नाक म्हणजे घड्याळातले बारा. मासा दिसला की वाटाड्या हलकेच सांगतो, "दहा वाजता, साठ फूट." पुढच्याने आमिष तिथे फेकायचं. फेक चुकली तर, "कमी पडलं," किंवा "जास्त झालं." दिवसभराचं बोलणं एवढंच. जाणकार माणसाला गप्पा नको असतात. तो शांततेचेच पैसे देतो. लागलेला मासा हातात धरून एकदा बघायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, अशी या मंडळींची रीत. त्यावर मावशीचं म्हणणं असं की, "उन्हात भाजून घ्यायचं, मासा धरायचा आणि त्याला टाटा करायचा. त्यापेक्षा माझ्याकडे या म्हणावं. मी चहा दाखवते आणि परत घेते. निम्म्या पैशात."

मागच्या फळीवर उभं राहून वाटाड्याने तीस वर्षं माणसांच्या पाठी बघितल्या. चेहरे त्याला नीट आठवत नाहीत, पण कोणाचा डावा खांदा पडका, कोण फेकण्याआधी श्वास रोखतं, कोणाच्या मानेवर घाम आधी फुटतो, हे तो झोपेतही सांगेल. संध्याकाळी माणसं हात मिळवून निघून जातात. मग तो गोड्या पाण्याने बोट धुतो आणि घरी येतो.

घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बायको जाऊन आठ वर्षं झाली. स्वयंपाकाच्या ओट्यावर तिच्या हातच्या चिठ्ठ्या चिकटवलेले डबे अजून ओळीने मांडलेले आहेत. फक्त आतलं बदललं आहे. 'साखर' लिहिलेल्या डब्यात आता गळ आहेत आणि 'रवा'मध्ये शिशाच्या गोळ्या. खरी साखर प्लास्टिकच्या पिशवीतच असते, तोंडाला रबर लावून. सकाळी निघताना तो रेडिओ चालूच ठेवून जातो. संध्याकाळी जिना चढताना आतून कोणाचा तरी आवाज आला की कुलूप काढणं जरा सोपं जातं.

दर रविवारी बहिणीचा फोन येतो. "दादा, विकून टाक ती बोट. गुडघे बघ जरा स्वतःचे. इथे मागची खोली रिकामी आहे, पंखा पण नवीन लावलाय."

"डॉक्टरांना तारीख दिलीय."

"मग डॉक्टर येऊन गेले की ये."

"ते पुढच्या वर्षीची तारीख देऊन जातात."

"तुझे डॉक्टर म्हणजे नोकरीच आहे बाबा," बहीण म्हणते. पण तिलाही ठाऊक असतं की दादाकडे नाही म्हणायला दुसरं कारण नाही.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त झालेले. वय बहात्तर. गेली चौदा वर्षं, वर्षातले तेच तीन दिवस ते येतात, धक्क्यामागच्या लॉजवर उतरतात. बाकीची गिऱ्हाइकं येतात आणि जातात; कोणी दोनदा येतं, कोणी चारदा. नेमाने येणारे हे एकटेच. चौदा वर्षांत दोघांनी घरगुती असा एकही शब्द बोललेला नाही. पण डॉक्टर यायचे असले की वाटाड्या आठवडाभर आधी बोटीला रंगाचा हात देतो, शेडमधला दुसरा कप घासून ठेवतो. ती फेक बघायला मिळणार म्हणून. मनगटातून सुटलेली, कुठे जोर नाही, आमिष जाऊन पाण्यावर पान पडावं तसं पडायचं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात बारीक हत्यारं चालवलेला हात तो.

यंदा डॉक्टर आले, शेडमध्ये बसले आणि गळ बांधायला लागले. पहिली गाठ सुटली. दुसरीही सुटली. तिसऱ्या वेळी त्यांनी वाटाड्याकडे पाठ केली. वाटाड्या मोटरचं झाकण उगाचच काढून पुन्हा बसवत राहिला. डॉक्टरांचा उजवा हात थरथरत होता. थंडीने थरथरतो तसा नाही. आतून कोणीतरी बारीक तार छेडत असावं तसा.

त्या दिवशी ते उंबरठ्यावर गेले. उंबरठा म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा पट्टा. भरती चढू लागली की समुद्रातले मोठे चंदेरी मासे त्या गुडघाभर पाण्यावरून आत येतात, आणि बोट साठ फुटांच्या आत गेली की सावध होऊन पळतात. सगळ्यांत अवघड जागा, आणि डॉक्टरांची सगळ्यांत आवडती. वाटाड्याने सहा मासे दाखवले. सहाही वेळा आमिष अलीकडेच पडलं. सूर्य समोर होता, पाणी कथलासारखं चमकत होतं, आणि तेवढ्या लांबचं नीट दिसायला डॉक्टरांचे डोळेही आता पूर्वीचे नव्हते.

"पोचलं का?" त्यांनी विचारलं.

"पोचलं की," वाटाड्या म्हणाला. "मासाच नखरेल आहे आज."

तीस वर्षांत फेकीबद्दल बोललेलं हे त्याचं पहिलं खोटं. तोंडातून कसं निघून गेलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात एकच हिशोब चालू होता : असाच रिकाम्या हाताने गेला तर हा माणूस पुढच्या वर्षी येणार नाही. आणि हा आला नाही तर बोटीला रंग कोणासाठी लावायचा?

म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने ते केलं जे शहाण्या वाटाड्याने कधी करू नये. बोट उंबरठ्याकडे न नेता, खारफुटीतून दोन वळणं उगाचच घेऊन, त्याने बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीशी आणली. कारखान्याचं पाणी तिथे खाडीत पडतं, त्याच्याबरोबर मासळीचं धुवणही येतं, आणि तळहाताएवढे हावरे मासे बारा महिने तोंड उघडून तिथेच असतात. गळ नुसता पाण्याला लागला तरी चिकटतात. सगळे बोटवाले या जागेला बालवाडी म्हणतात. सुट्टीला आलेली कुटुंबं इथे आणतात. वाटाड्याने उभ्या आयुष्यात इथे गिऱ्हाईक आणलं नव्हतं. डॉक्टर नेहमी दुसऱ्या बाजूने जातात, त्यांना ही बाजू ठाऊक नसणार, असा त्याचा अंदाज.

अर्ध्या तासात पाच मासे लागले. पहिल्याला डॉक्टर हसले. दुसऱ्यालाही. तिसऱ्यानंतर त्यांची पाठ जरा ताठ झाली. पाठीची भाषा वाटाड्याला येत होती, तरी तो बांबूकडे बघत राहिला.

तेवढ्यात भिंतीच्या कोपऱ्यावरून एक बोट आली. छतवाली, रंगीत, सात-आठ माणसं. पुढेच एक जाडजूड बाई एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात गळाची काठी धरून बसली होती. काठीच्या दोरीला लाल-पांढरं, पाण्यावर तरंगणारं प्लास्टिकचं बोंडूक.

"काका, आमचे सात झाले," ती मजेत म्हणाली. "तुमचे किती?"

"पाच," डॉक्टर म्हणाले.

"होतील, होतील. नवीन आहात वाटतं. खाली सोडून फक्त बसायचं, काही करायला लागत नाही. मी पण आजच शिकले."

डॉक्टरांनी मान डोलावून तिचे आभार मानले. मग भिंतीकडे बघितलं. वर लोखंडी गजांत तुटक्या दोऱ्या, रंगीत बोंडकं आणि गंजलेले गळ गुंतून लोंबत होते, वर्षानुवर्षांचे. त्यांनी ते सगळं शांतपणे, एकेक करून बघितलं, जसा एखाद्याचा जबडा बघावा तसं. सहावा मासा लागलेला होता, तो सोडवला, पाण्यात ठेवला.

"परत घ्या बोट," ते म्हणाले.

बोट धक्क्याला लागली. उतरताना त्यांनी वाटाड्याचा हात धरला नाही, लोखंडी शिडी धरली.

"उद्या किती वाजता?" वाटाड्याने विचारलं.

"उद्या नाही."

"तिसरा दिवस आहे अजून."

"मला मोजता येतं," डॉक्टर म्हणाले आणि काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकून निघाले. टपरीवरून मावशीने हाक मारली, "डॉक्टर, चहा?" ते थांबले नाहीत. मावशीने वाटाड्याकडे बघून भुवया उचलल्या. "काय रे, काय केलंस त्या भल्या माणसाला?"

"काही नाही. मासे मिळवून दिले."

"मग तोंड असं रडकं कशाला?"

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. रविवार नव्हता, सहजच केला होता. "आले का तुझे डॉक्टर?" तिने विचारलं. आले, असं तो म्हणाला. सांगावं असं त्याला खूप वाटलं. की मी एका चांगल्या माणसाला लहान मुलासारखं वागवलं, आणि त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी वागवलं. पण हे फोनवर सांगायचं तर आधी उंबरठा काय, बालवाडी काय, फेक म्हणजे काय, सगळं सांगावं लागलं असतं. असं सगळं आधीपासून ठाऊक असलेलं माणूस त्याला आता एकच होतं, आणि ते लॉजवर दार लावून बसलं होतं.

"आवाज का असा?" बहिणीने विचारलं.

"रेडिओ चालू आहे."

"रेडिओचा नाही रे दादा, तुझा."

"उन्हाने असेल," तो म्हणाला.

सकाळी भरतीच्या दीड तास आधी तो लॉजवर गेला. अरुंद जिना, फिनेलचा वास, वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली. दार उघडंच होतं. डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसून शर्टाची बटणं लावत होते. बटणं लागत नव्हती. वाटाड्या दारातच उभा राहिला, मदतीला पुढे झाला नाही. एवढं तरी त्याला कालपासून कळलं होतं. चार बटणांना बराच वेळ लागला.

"बसा," डॉक्टर म्हणाले. खुर्चीवर बॅग होती, म्हणून वाटाड्या उभाच राहिला.

"चुकलं माझं."

"चाळीस वर्षं मी माणसांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगत आलो," डॉक्टर म्हणाले. "समोरचा खोटं बोलला की मला लगेच कळतं. आमचा धंदाच तो. परवा तुम्ही 'पोचलं' म्हणालात ना, तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ऐकायला बरं वाटलं म्हणून." त्यांनी कॉलर सारखी केली. "पण काल जे केलंत ते नाही बरं वाटलं. त्या बाई मला शिकवत होत्या हो."

"शिकवत होत्या," वाटाड्या खाली बघून म्हणाला. "बोंडूक लावून."

डॉक्टरांना हसू आलं, मग ते पुसून टाकल्यासारखं गेलं. "उंबरठ्यावर नेता? पण एका अटीवर. जे असेल ते सांगायचं. फूट मोजून. सांगाल?"

"सांगीन."

त्या दिवशी वारा पडलेला होता. उंबरठ्यावर पाणी इतकं नितळ की वाळूवरच्या रेघा दिसत होत्या. बांबू टाकताना वाटाड्या श्वाससुद्धा जपून घेत होता. पहिला मासा आला.

"अकरा वाजता, साठ फूट."

डॉक्टरांनी फेकलं.

"कमी. चौदा फूट."

"किती?"

"चौदा."

डॉक्टरांनी दोरी गुंडाळली. दुसरा मासा. "बारा कमी." तिसरा. "बारा, आणि डावीकडे." असं चाललं. वाटाड्या प्रत्येक आकडा सांगत गेला, आणि नवल म्हणजे डॉक्टरांची पाठ सैल होत गेली. चौथ्या-पाचव्या फेकीनंतर डॉक्टरांनी पाय जरा फाकवले, काठी दोन्ही हातांत धरली, तरुणपणी कधी धरली नसेल तशी. दहा फूट कमी. नऊ. एकदा तर दोरी स्वतःच्याच टोपीत अडकली, तेव्हा ते म्हणाले, "हा मोठा आहे, जपून काढा," आणि वाटाड्या मोठ्याने हसला. उंबरठ्यावर तो पूर्वी कधी हसला नव्हता. दोन मासे त्याच्या हसण्याने पळाले.

भरती पुरी व्हायला आली. शेवटचा मासा एकटाच आला, लांब आणि सावकाश, शेपटीचं टोक पाण्याबाहेर. सूर्य त्याच्यामागे होता.

"एक वाजता, साठ फूट," वाटाड्या कुजबुजला.

डॉक्टर थांबले. हात थरथरत होता, तो त्यांनी थरथरू दिला, आणि त्या थरथरीतूनच काठी मागे नेऊन सोडली. दोरी सुटताना क्षणभर ती जुनी फेक होती. आमिष उजेडात नाहीसं झालं. मग कुठेतरी अगदी बारीक टपकन आवाज आला. मासा थांबला. वळला. आणि सावकाश, कसली घाई नसल्यासारखा, खोल पाण्याकडे निघून गेला.

डॉक्टर डोळ्यांवर हात धरून बघत होते. त्यांना काही दिसत नव्हतं. "पोचलं?" त्यांनी विचारलं.

बांबू वाटाड्याच्या हातात तसाच राहिला. पोचलं, एवढं म्हटलं की हा माणूस आशेने पुढच्या वर्षी येईल. बोट राहील, शेड राहील, तो कप राहील. एका शब्दाचं काम होतं, आणि मासा वळला होता हे खरंच होतं. खोटं म्हणावं तर तेही पुरतं खोटं ठरलं नसतं.

"नाही," तो म्हणाला. "सहा फूट कमी."

 डॉक्टरांनी दोरी गुंडाळली, आमिष सोडवून डबीत ठेवलं, काठीचे दोन भाग वेगळे केले आणि पिशवीत घातले. सगळं हळूहळू, हातून काही न पाडता. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच बोटीत वाटाड्याकडे तोंड करून बसले.

"सकाळी चौदा होतं," ते म्हणाले.

"हो."

"पुढच्या वर्षी मी येणार नाही."

"माहीत आहे," वाटाड्या म्हणाला. त्याने बांबू वाळूत रोवून बोट त्याला बांधली आणि फळीवरून उतरून समोर बसला. गुडघे वाजले. इतक्या जवळून, समोरासमोर, तो डॉक्टरांचा चेहरा जवळपास पहिल्यांदाच बघत होता. डाव्या गालावर एक तीळ होता. हा तीळ आपल्याला ठाऊकच नव्हता, याचं त्याला वाईट वाटलं.

"परत जायची घाई नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"ओहोटीपर्यंत नाही."

"मुलगी विचारते मला, दरवर्षी तिथे कोण आहे तुमचं? मी सांगतो, मित्र आहे." ते पाण्याकडे बघत म्हणाले. "आणि मित्राच्या घरी कोण कोण आहे, हे मला माहीत नाही. काय मी माणूस."

"कोणी नाही. बायको होती. आठ वर्षं झाली."

डॉक्टर मनातल्या मनात मोजत राहिले. "म्हणजे पहिली सहा वर्षं…"

"तुमचा जेवणाचा डबा तीच करायची. नंतर मी."

"तरीच," डॉक्टर म्हणाले. "एका वर्षी एकदम चव बदलली. मला वाटलं, तुमची बायको रागावलेली दिसतेय, विचारू नये."

"मीठ जास्त पडतं माझ्याकडून."

"मीठ नाही हो. मीठ ठीक असतं. तुमचे बटाटेच शिजत नाहीत." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "विचारायला हवं होतं मी. आठ वर्षं कच्चे बटाटे खाल्ले आणि विचारलं नाही."

पाणी बोटीच्या बुडाला हलकेच लागत होतं. त्यांच्या मागच्या बाजूला, कोणी बघत नसताना, आणखी दोन शेपट्या पाण्याबाहेर येऊन गेल्या.

"कशी होती?" डॉक्टरांनी विचारलं.

 इतकी वर्षं वाटाड्या या बोटीत फक्त तास आणि फूट बोलला होता. बायकोबद्दल त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळे कुठून सुरुवात करायची हेही ठाऊक नव्हतं.

"तिला पाण्याची फार भीती वाटायची," तो म्हणाला, आणि मग ओहोटी लागून बोटीचं बूड वाळूला टेकेपर्यंत बोलत राहिला.